उज्वलाची चाल

मुज्तबाची आणि माझी ओळख झाली ती माझ्या पोटाला पडलेल्या भोकामुळं.

दोन हजार अकरा साल असेल. आमच्या लातूरच्या क्लासनं नांदेडला शाखा काढली होती. लातूरचं नाव ऐकून लांबलांबची मुलं येत होती, खोल्या कमी पडत होत्या, आणि शिकवणारे आम्ही होतो तेवढेच. मी फिजिक्स शिकवतो. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं नांदेड गाठायचं आणि परत यायचं, याला मी कंटाळलो होतो. मग मालकांनी ठरवलं, की लातूरला शिकवायचं, ते व्हिडिओवर घ्यायचं आणि नांदेडच्या मुलांना पडद्यावर दाखवायचं. त्यासाठी लग्नाचं शूटिंग करणारा एक माणूस बोलावला. तो मुज्तबा.

त्यानं मला हिरव्या कापडासमोर उभं केलं. नंतर कॉम्प्युटरवर हिरवा रंग तेवढा काढून टाकायचा आणि त्या जागी आकृत्या, आलेख, फिरणाऱ्या कप्प्या बसवायच्या, अशी त्याची कल्पना होती. मी त्या दिवशी पिस्ता रंगाचा शर्ट घालून गेलो होतो. नांदेडच्या मुलांना सर दिसले ते मधोमध आरपार भोक पडलेले, आणि त्या भोकातून कप्पी फिरत होती. मुलं महिनाभर हसत होती. मुज्तबा मात्र माझ्या घरी येऊन माफी मागून गेला. चूक माझ्या शर्टाची होती, पण त्यानं ती स्वतःच्या अंगावर घेतली.

तो मूळचा देगलूरचा. वडील गफूरभाई शिंपीकाम करायचे. दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड सगळीच गिऱ्हाइकं, म्हणून मुज्तबाला तिन्ही भाषा थोड्याथोड्या येत. कॅमेऱ्याच्या आधी तो मशीन चालवायला शिकला. पुढं लग्नाच्या शूटिंगच्या नादानं लातूरला आला, लग्न केलं, इथलाच झाला.

हे चित्रावर चित्र बसवायचं काम त्याला कुणी शिकवलं नाही. बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत बसून तो परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायचा. त्यांचं इंग्रजी समजायचं नाही, म्हणून आवाज बंद करायचा आणि पडद्यावरचा बाण कुठं जातो, काय दाबतो, एवढंच वहीत उतरवून घ्यायचा. घरी येऊन तसंच करून बघायचा. पहिलं कापड त्यानं साटिनचं आणलं होतं. ते चमकायचं, आणि चमक आली की तिथला हिरवा निघायचा नाही. शिंप्याच्या मुलाला कापड कळतं. त्यानं साधं मांजरपाट घेतलं, रंगाऱ्याकडून पोपटी रंगवून आणलं आणि स्वतःच्या हातानं शिवलं. माणूस कापडाच्या फार जवळ उभा राहिला तर त्याच्या कानाच्या पाळ्या हिरव्या दिसतात, हेही त्याला असंच चुकतमाकत समजलं. सगळ्यात उशिरा समजली ती सावली. पायाखाली सावली घातली नाही तर माणूस जमिनीवर टेकत नाही, तरंगत राहतो. एका सावलीसाठी तो चार-चार दिवस घालवायचा. माझं सगळं शरीर फळ्यासमोर नीट उभं राहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला पोरगं पास झाल्यावर बापाच्या चेहऱ्यावर दिसतो तसला वाटला.

आमच्या क्लासच्या ऑफिसात दयानंद नावाचा कारकून होता, किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा चौदा वर्षांचा. शिकायला लातूरच्या वसतिगृहात ठेवलेला होता, म्हणून वाचला. वडील गेले आणि आठ वर्षांची बहीण उज्वला गेली. आई सरजाबाईला लोकांनी दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. ती जगली. पुनर्वसनाच्या नव्या गावात पत्र्याचं छत असलेल्या घरात राहायची. दयानंद दर शनिवारी तिच्याकडे जायचा.

दोन हजार तेरा साली भूकंपाला वीस वर्षं होणार होती. तीस सप्टेंबरला गावात श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. त्यात दाखवायला जुन्या गावावर दहा-बारा मिनिटांची फिल्म करावी, असं दयानंदच्या मनात आलं. पैशाचा प्रश्न नव्हता, कुणी कुणाला काही देणार नव्हतं. मुज्तबानं लगेच हो म्हटलं. सुट्टीच्या दिवशी दोघं किल्लारीला जायचे आणि घराघरातून जुने फोटो गोळा करायचे. फोटो थोडेच निघाले. बहुतेकांचे अल्बम ढिगाऱ्यातच गेले होते. तरी एका वरातीच्या फोटोत मारुतीच्या देवळाकडं जाणारी गल्ली सापडली. पोळ्याच्या एका फोटोत त्याच गल्लीचं दुसरं टोक होतं. ही दोन टोकं जोडून, मधली माणसं आणि बैल काढून टाकून, मागच्या भिंती दगडादगडानं भरून मुज्तबानं जुनी गल्ली उभी केली. एका घरावर चुलीचा धूर सोडला. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं हलवलं. मी ते पाहिलं. जिथं आता नुसते दगड आणि बाभळी आहेत तिथं गाव सकाळी उठून कामाला लागलं होतं.

पण मुज्तबाचं समाधान होईना. गल्लीत माणूस नाही, म्हणायचा. एखादं पोरगं पळत गेलं पाहिजे.

दयानंद म्हणाला, "मग उज्वलाच जाऊ दे."

उज्वलाचा एकच फोटो शिल्लक होता. दुसरीच्या वर्गाचा, शाळेसमोर काढलेला. बोटाच्या पेराएवढा चेहरा, ऊन लागून डोळे बारीक केलेले. मुज्तबानं विचार केला. मुलगी पाठमोरी चालत जाईल, गल्लीच्या वळणावर एकदा मागं वळून बघेल, तेवढ्यापुरता फोटोतला चेहरा बसवायचा. दीड सेकंदाचं काम. जमण्यासारखं होतं. चालायला त्याची मुलगी जिक्रा होती, तीही तेव्हा आठ वर्षांची.

त्याची बायको रईसा हिनं परकर-पोलकं शिवलं. शिवताशिवता तिनं नवऱ्याला विचारलं, की त्या आईला हे माहीत आहे का. आधी तिला विचारा, म्हणाली. मुज्तबा दयानंदशी बोलला. दयानंदचं म्हणणं, आईला एकदम दाखवू, तिला बरं वाटेल. मुज्तबानं ते ऐकलं आणि गप्प बसला. त्या गप्प बसण्याबद्दल त्यानं मला पुढं कितीतरी वेळा सांगितलं. "सर, दयानंदचं पटलं म्हणून मी गप्प नव्हतो बसलो. मावशी नको म्हणाली असती तर माझा शॉट गेला असता. मला भीती त्याची होती."

गल्लीच्या फोटोत ऊन डावीकडून पडलेलं होतं. तसंच ऊन मिळावं म्हणून सकाळी नऊ वाजता गच्चीवर कापड अंथरून त्यानं जिक्राला चालवलं. दोन दिवस चालवलं. पोरगी हौसेनं चालली. मग तो कॉम्प्युटरसमोर बसला, तो दोन आठवडे उठला नाही. जिक्राचा चेहरा पुसला, उज्वलाचा बसवला, पोलक्याचा रंग जुन्या फोटोसारखा विटवला, पायाखाली लांबट सावली घातली. तयार झाल्यावर घरच्यांना दाखवलं. जिक्रानं दोनदा बघितलं आणि विचारलं, "अब्बा, इसमें मैं किधर हूँ?" ही चालतेय ती तूच, असं त्यानं सांगितलं. जिक्रा म्हणाली, पण तोंड तर दुसरीचं आहे.

तीस सप्टेंबरला संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. मीही गेलो होतो. गल्ली दिसली तशी बायका रडायला लागल्या. ही माझी पायरी, हा पाटलाचा ओटा, असं लोक एकमेकांना बोट दाखवून सांगत होते. मग ती मुलगी आली, चालत गेली, वळणावर थांबली, मागं बघितलं आणि गेली. सरजाबाई पुढच्या रांगेत बसली होती. ती रडली नाही. नुसती पडद्याकडं बघत राहिली. संपल्यावर तिनं दयानंदला, पुन्हा लाव, एवढंच सांगितलं. लोकांनी मुज्तबाचे हात धरले. एका म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. परतीच्या जीपमध्ये मुज्तबा माझ्या शेजारी होता. तो इतका खूश होता की औशापर्यंत बोलतच होता, चेहऱ्याची कडा कशी बसवली, सावली कशी वाकवली.

दयानंदनं तो तुकडा आईच्या मोबाइलवर घालून दिला, चालणारी मुलगी मुज्तबाची आहे हेही सांगितलं. ती रोज बघायची. सकाळी बघायची, दुपारी बघायची, शेजारणीला दाखवायची.

डिसेंबरात तिनं मुज्तबाला बोलावून घेतलं. हा मिठाईचा पुडा घेऊन गेला. तिनं चहा केला, जिक्राची, रईसाची चौकशी केली. मग मोबाइल त्याच्यासमोर ठेवला.

"लेकरा, तू लई मेहनत केलीस. पर माझी उज्वला अशी चालत न्हवती."

मुज्तबाला वाटलं, दुरुस्ती सांगते आहे. त्यानं वही काढली आणि विचारलं, "कशी चालायची, मावशी? सांगा, मी बदलतो."

"त्येच तर आठवंना झालंय," सरजाबाई म्हणाली. "ईस वरसं डोळं झाकलं की ती यायची. हापशावरनं यायची, माझ्याकडं यायची. आता डोळं झाकलं की तुझी लेक येती. तुझी लेक गुणाची दिसती. पर ती माझी न्हवं."

ती रागानं बोलत नव्हती. त्यामुळंच त्याला पळून जाता आलं नाही. चहा थंड झाला तरी तो तिथंच बसून राहिला.

त्यानंतरचा मुज्तबा मला वेगळाच दिसायला लागला. क्लासचं काम करायचा, पण माझ्याशी डोळे मिळवायचा नाही. आधी त्यानं घरच्या कॉम्प्युटरवरून ती फिल्म, तिचे सगळे तुकडे पुसून टाकले. मग दयानंदला आईच्या मोबाइलवरचं पुसायला लावलं. मग किल्लारीला जाऊन घरोघरी फिरला. पण तोवर ती फिल्म शंभर मोबाइलवर गेली होती, कुणी सीडी केली होती, केबलवाल्यानं दोनदा दाखवली होती. पुसा म्हटल्यावर लोकांना कळेना हा असं का म्हणतो. काही जण चिडले. गावाचं एवढं एक चित्र राहिलंय, तेही पुसायचं का, म्हणाले.

दयानंदशी त्याचं भांडणच झालं. दयानंद म्हणाला, आईचं मनावर घेऊ नको, म्हातारी झाली ती. मुज्तबानं विचारलं, तुला तरी आठवतं का तुझी बहीण कशी चालायची? दयानंद म्हणाला, "मी वसतिगृहात होतो रे. सुट्टीला यायचो. मी तिच्याकडं नीट बघितलंच न्हाई." त्यानंतर दोघं काही महिने एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच ऑफिसात, एकाच पाण्याच्या माठाशी उभे राहायचे, तरी नाही.

मुज्तबानं तो वर्गाचा फोटो पुन्हा काढला. त्यातली बारा मुलं भूकंपात गेली होती. राहिलेल्यांना तो शोधत निघाला. कुणी पुण्याला, कुणी साखर कारखान्यावर, कुणाला काही आठवत नव्हतं. उज्वलाच्या शेजारी बसलेली मुलगी पंचशीला. ती लातूरला एका दवाखान्यात नर्स होती. मुज्तबा तिला भेटायला गेला तेव्हा तिनं त्याला आधी चांगलंच सुनावलं. दर वर्षी तुम्ही कॅमेरे घेऊन येता, आमच्या मेलेल्यांचं काय काय करता, आम्हाला कुणी विचारतं का? मुज्तबानं ऐकून घेतलं. नाही विचारलं, म्हणाला, म्हणूनच आलोय. मग सरजाबाईचं सगळं सांगितलं.

पंचशीलाला आठवत होतं. उज्वला टाचा टेकवायची नाही, चवड्यावर चालायची. उन्हाळ्यात अनवाणी चालताना पाय भाजतात, तेव्हाची लागलेली सवय. पावसाळ्यातही सुटली नाही. गुरुजी ओरडायचे, तरी नाही.

रविवारी ती मुज्तबाबरोबर किल्लारीला आली. मीच दोघांना माझ्या गाडीतून नेलं होतं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. सरजाबाईच्या अंगणात पंचशीला चवड्यांवर चालून दाखवू लागली. अठ्ठावीस वर्षांची बाई, साडी सावरत, या तुळशीपासून त्या दारापर्यंत. मुज्तबाच्या पिशवीत कॅमेरा होता. त्यानं पिशवी गाडीतच ठेवली.

सरजाबाई ओट्यावर बसून बघत होती. पहिल्या वेळी काही बोलली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, "असंल. असंच असंल." आम्हाला वाटलं, संपलं. तिसऱ्या वेळी पंचशीला दारापर्यंत येतेय तोच ती उठली, तिच्याजवळ गेली आणि तिचा डावा हात धरून मागं नेला. "हात असा न्हाई. मागनं परकर धरायची ती, चिखल उडंल म्हणून." हे पंचशीलाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. सरजाबाईच्या हाताला आपोआप आठवलं होतं.

पंचशीला मागं हात धरून चवड्यांवर चालली. सरजाबाई ओट्यावर जाऊन बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

एवढ्यानं सगळं जागेवर आलं असं नाही. महिन्याभरानं मुज्तबानं भीतभीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, कधी माझी येती, कधी तुझी. दोघी येत्यात. आणि तिनंच पुढं सांगितलं, "तुझ्या लेकीला एकदा घिऊन ये. मला तिला बघायचंय."

हे मात्र मुज्तबाला झेपलं नाही. आज नेतो, उद्या नेतो, असं करत त्यानं दोन वर्षं घालवली. म्हातारी जिक्राला उज्वला समजून बसली तर काय, ही त्याला धास्ती. मी त्याला म्हटलं, तू आधी एकदा तिला न विचारता केलंस, आता ती स्वतः मागतेय तर देत नाहीस. माझं बोलणं त्याला लागलं असावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो रईसा आणि जिक्राला घेऊन गेला.

जिक्रा अकरा वर्षांची झाली होती. सरजाबाईनं तिला जवळ बसवलं नाही, कुरवाळलं नाही. नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं, काय आवडतं विचारलं. जिक्रानं सांगितलं, तिला गणित आवडत नाही आणि पेरू आवडतो. सरजाबाईनं तिला कळशी दिली आणि समोरच्या नळावरून पाणी आणायला लावलं. पोरगी गेली, आली. सरजाबाई जाताना बघत राहिली, येताना बघत राहिली. दिवसभरात असं तिनं चार कामं सांगितली. मुज्तबा दाराशी मान खाली घालून बसला होता.

संध्याकाळी निघताना सरजाबाई त्याला म्हणाली, "आता वळखलं मी हिला. ही चाल हिची हाय. मला येवडे दिवस ठावंच न्हवतं कुणाची हाय ती, म्हणून ती जात न्हवती."

मुज्तबानं तेव्हा तिला खरं सांगून टाकलं. दयानंद एकदम दाखवू म्हणाला म्हणून नव्हे, तर तुम्ही नको म्हणाल या भीतीनं मी तुम्हाला आधी विचारलं नाही. "हाव," ती म्हणाली, "नकोच म्हणले असते." माफ केलं असं काही ती बोलली नाही. पेरूची पिशवी तेवढी जिक्राच्या हातात दिली.

सरजाबाई दोन हजार एकोणीसला गेली. दयानंद आणि मुज्तबा त्याआधीच पुन्हा बोलायला लागले होते. मातीला मुज्तबा होता.

पुढच्या वर्षी सगळे क्लास घरून चालू झाले तेव्हा लातूर-नांदेडच्या निम्म्या मास्तरांच्या घरात मुज्तबानं शिवलेलं हिरवं कापड लागलं. आता त्याचं नांदेडला मोठं काम आहे. लग्नाच्या व्हिडिओत वारलेल्या वडिलांना उभं करून द्या म्हणून लोक येतात, वाटेल ते द्यायला तयार असतात. तो नाही म्हणतो. कारण विचारलं तर येत नाही मला, असं सांगतो.

किल्लारीची ती फिल्म काही पुसली गेली नाही. दर तीस सप्टेंबरला ती गल्ली आणि ती मुलगी कुणाच्या ना कुणाच्या ग्रुपमधून त्याच्याच मोबाइलवर येऊन पडते, खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, खरीखुरी उज्वला. गेल्या वर्षी त्यानं त्या ग्रुपवर लिहिलं, की ही चालणारी मुलगी माझी जिक्रा आहे, उज्वला चवड्यांवर चालायची आणि मागनं परकर धरायची. चार जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. ग्रुप चालवणाऱ्यानं लिहिलं, कृपया आज फक्त श्रद्धांजलीचे मेसेज टाकावेत. मुज्तबानं मला तो मोबाइल दाखवला, आणि पुढच्या वर्षीही मी हेच लिहिणार, म्हणाला.